आयडीपीए मॅच पहिल्यांदा शूट करायचीय, सुरुवात कशी करू? (टेक्सास)

लिंबूटिंबू_४१

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी मूळचा सांगलीचा, आता डॅलसच्या उत्तरेला. अकरा वर्षं एच-वन-बीवर (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) काढली, तेव्हा वकिलाने बजावून ठेवलं होतं की बंदुकीच्या वाऱ्यालाही उभं राहू नकोस. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं आणि मी ग्लॉक १९ घेतलं. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी इनडोअर रेंजवर जातो, सात यार्डांवर कागदाला भोकं पाडतो आणि घरी येतो. पहिले चार महिने मजा आली, आता खरं सांगायचं तर कंटाळा येतो, कारण आपण सुधारतोय का नाही हेच कळत नाही.

ऑफिसातला एक जण आयडीपीए (इंटरनॅशनल डिफेन्सिव्ह पिस्तूल असोसिएशनचा पिस्तुलाचा खेळ) शूट करतो, त्याच्याबरोबर परवा नुसता बघायला गेलो होतो. लोक दाराच्या चौकटीआडून, पिंपाआडून, खुर्चीवर बसून शूट करत होते, मध्येच मॅगझिन बदलत होते, मागे एक माणूस टायमर घेऊन पळत होता. बघूनच घाम फुटला पण करायचंय. तर प्रश्न असे की हेच पिस्तूल चालेल का वेगळं लागेल, होल्स्टर कुठला, आधी क्लास करावा का, आणि मुख्य म्हणजे सगळ्यांसमोर फजिती किती होते? माझा बघून बघून शिकायचा स्वभाव आहे, तीस लोक बघत असताना हात थरथरणार हे नक्की.

कोपऱ्यावरचा_मास्तर

ह्यूस्टनहून लिहितोय, सहा वर्षं खेळतोय, गेली दोन वर्षं एसओ म्हणजे सेफ्टी ऑफिसर पण आहे, म्हणजे तो टायमर घेऊन पळणारा माणूस तो मीच.

पिस्तुलाचं आधी. ग्लॉक १९ आहे ना, मग बास. वर डॉट (नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी काच) नसेल तर एसएसपी म्हणजे स्टॉक सर्व्हिस पिस्तूल डिव्हिजन, डॉट असेल तर कॅरी ऑप्टिक्स. हा खेळच मुळी १९९६ मध्ये बिल विल्सन, केन हॅकथॉर्न, लॅरी विकर्स वगैरे मंडळींनी काढला तो यासाठी की त्या काळच्या स्पर्धांमधली पिस्तुलं रेसच्या गाड्यांसारखी झाली होती, कोणी कमरेला लावून किराणा आणायला जाणार नाही अशी. त्यांना रोज बाळगायच्या साध्या पिस्तुलाने, शर्टाखालून काढून खेळायचा खेळ हवा होता. त्यामुळे तुमच्याकडे जे आहे तेच या खेळाचं पिस्तूल आहे. पहिल्या वर्षात नवीन पिस्तूल, नवीन ट्रिगर, नवीन साईट यातलं काही घेऊ नका, तेच पैसे गोळ्यांना लावा. दुकानातली एकशेपंधरा ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) नऊ एमएम चालते. नियम असा की ग्रेन गुणिले फूट-पर-सेकंद भागिले हजार किमान १२५ भरलं पाहिजे, आणि ११५ ग्रेन जर ११५० च्या वेगाने जात असेल तर १३२ येतात, म्हणजे आरामात बसते.

मॅगझिन मात्र पिस्तुलाबरोबर आलेल्या दोन-तीनवर भागवू नका, चार-पाच ठेवा, कारण ती मातीत पडतात, कोणीतरी त्यावर पाय देतो, आणि रांगेत तुमचा नंबर आला की नेमकं एक सापडत नाही. होल्स्टर कायडेक्सचा (कडक प्लास्टिकचा), कमरेच्या बाहेरचा, उजव्या हाताचे असाल तर उजव्या बाजूला, ट्रिगर पूर्ण झाकणारा. पिस्तूल सोडवायला तर्जनीने बटण दाबावं लागतं असले होल्स्टर घेऊ नका, पिस्तूल बाहेर येताना तेच बोट दाबलेलं राहतं आणि सरळ ट्रिगरवर जातं, म्हणून बऱ्याच रेंज ते आत येऊ देत नाहीत. आणि पट्टा!! लोक होल्स्टरला ऐंशी डॉलर घालतात आणि पट्टा लग्नातला वापरतात. ड्रॉ करताना पिस्तुलाबरोबर पँटही वर येते. जाड, ताठ पट्टा घ्या.

आता खेळ कसा मोजतात ते सांगतो, कारण ते कळलं की फजितीची भीती निम्मी जाते. तुमचा वेळ अधिक चुका, इतकं साधं. टार्गेटच्या छातीवर आठ इंचाचं वर्तुळ असतं, त्यात लागली की शून्य. बाहेरच्या भागात लागली की एक सेकंद (त्याला एक डाउन म्हणतात), अजून बाहेर तीन, पार चुकली तर पाच. हाताचे पंजे रंगवलेलं टार्गेट म्हणजे निरपराध माणूस, त्याला लागली की पाच. कव्हरच्या म्हणजे आडोशाच्या बाहेर उभं राहून मारलं, सांगितलेला क्रम चुकला, अशा गोष्टींना (प्रोसिजरल) तीन-तीन सेकंद. २०१७ च्या आधी एका पॉइंटला अर्धाच सेकंद होता, तेव्हा घाईने मारून पळणाऱ्यांचं चालून जायचं, आता नाही चालत. म्हणजे बघा, मागच्या महिन्यात माझ्या स्क्वॉडमधल्या (गटातल्या) एका तरुण पोराने एक स्टेज (मॅचमधला एक टप्पा) २४.५० सेकंदात उडवली, पण सात डाउन आणि एक प्रोसिजरल, झाले ३४.५०. त्याच्या मागून सत्तरीचे एक आजोबा आले, सावकाश, २९ सेकंद, दोन डाउन, ३१. पोरगं टायमरकडे बघतच राहिलं. स्टेज मोठी पण नसते, जास्तीत जास्त अठरा गोळ्या.

फजितीचं म्हणाल तर तुमच्या पाळीला तीस जण बघत नसतात. पाच जण टार्गेटच्या भोकांवर चिकटवायच्या टिकल्या लावायला तयार उभे असतात, दोघं मॅगझिन भरत असतात, एक जण पाणी पीत असतो आणि उरलेले स्वतःच्या मनात स्टेज पाठ करत असतात. एसओ एकटा तुमच्याकडे बघतो आणि तोही तुमच्या बोटाकडे आणि नळीकडे बघतो, टार्गेटकडे नाही.

लाज वाटायची असेल तर एकाच गोष्टीची वाटू द्या, डिसक्वालिफाय होण्याची. मी झालोय. तिसरी मॅच. मॅगझिन बदलताना डावीकडे पळायचं होतं. आता उजव्या हाताचा माणूस मॅगझिन बदलताना पिस्तुलाची नळी आपोआप डावीकडे वळवतो, बरोबर? आणि शरीर डावीकडे वळलेलं असलं की डावीकडे म्हणजे मागे, लोकांच्या बाजूला. एसओ ओरडला "मझल!" (म्हणजे नळी), मी थांबलो, त्या दिवसाचा खेळ संपला. कोणी काही बोललं नाही, उलट मी टिकल्या लावायला थांबलो म्हणून दोघांनी पाठ थोपटली. तर डावीकडे जायचं असेल तेव्हा एक तर जागेवर उभं राहून मॅगझिन बदला, नाहीतर खांदे टार्गेटकडे ठेवून पाय खेकड्यासारखे टाका. घरी रिकाम्या पिस्तुलाने हॉलमध्ये पन्नास वेळा करून बघा, तेही गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून.

अजून एक. पिस्तूल हातातून निसटलं तर झेलायला जाऊ नका. पडू द्या आणि हात वर. झेलताना बोट नेमकं ट्रिगरमध्ये जातं. पडलेलं पिस्तूल एसओच उचलतो, तुम्ही नाही.

ताराराणी

मास्तरांना अनुमोदन, पण कपड्यांबद्दल कोणी बोलणार नाही म्हणून मी बोलते :) कोल्हापूरची आहे, आता नॉर्थ कॅरोलायना, तीन वर्षं झाली.

गळ्याशी बंद टी-शर्ट घाला, दादा तुम्ही पण. मी पहिल्या मॅचला नेहमीचा व्ही गळ्याचा टॉप घालून गेले आणि दुसऱ्याच स्टेजला शेजारच्या भिंतीवर आपटून गरम पुंगळी सरळ आत. पोळलं की माणूस नाचतो, आणि हातात भरलेलं पिस्तूल असताना नाचायचं नसतं. मी कसंबसं पिस्तूल समोर धरून ठेवलं, दात आवळले, स्टेज पूर्ण केली, छातीवर महिनाभर डाग होता. पुढे झाप असलेली टोपी पण हवीच, नाहीतर तीच पुंगळी चष्मा आणि डोळ्याच्या मध्ये अडकते. इलेक्ट्रॉनिक इअरमफ घ्या म्हणजे कमांड ऐकू येतात.

वरून काहीतरी झाकायला लागतं, पिस्तूल दिसता कामा नये हा खेळाचा भाग. सगळे पुरुष मासेमारीचं खिशांचं जॅकेट घालतात. मी नवऱ्याचं दिवाळीला शिवलेलं बिनबाह्यांचं जॅकेट घालते, समोरून उघडं, खालच्या खिशात जुन्या किल्ल्यांचा जुडगा टाकलाय म्हणजे ते जड होऊन मागे झटकलं की मागेच राहतं. ते जॅकेट बघून एकाने विचारलं हा कुठला ब्रँड, मी सांगितलं महाद्वार रोड.

लहान मुलं आहेत का घरी? असतील तर दोन गोष्टी. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागेल असं भरलेलं पिस्तूल ठेवणं हा गुन्हा आहे, पण कायद्याचं सोडा, आधी तिजोरी आणि मग होल्स्टर अशा क्रमाने खरेदी करा. दुसरं, गोळीत शिसं असतं आणि ते हातावर, बाह्यांवर, बुटांच्या तळाला येतं. हात गार पाण्याने आणि साबणाने धुतल्याशिवाय पाण्याच्या बाटलीचं झाकणसुद्धा उघडू नका, डब्यातले ठेपले तर लांबच. बूट दाराबाहेर काढायची आपली सवय आहेच, इथे ती चांगली उपयोगी पडते. ते कपडे वेगळे धुवा.

क्लास करावा का विचारलंत. होल्स्टरमधून कधीच काढलं नसेल तर हो, एक दिवसाचा करा, कारण बहुतेक इनडोअर रेंज होल्स्टरमधून काढू देत नाहीत आणि मॅचमध्ये तर पहिली हालचाल तीच. काढण्यापेक्षा परत आत ठेवणं जास्त धोक्याचं असतं. जॅकेटची कड किंवा दोरी आत अडकते आणि ट्रिगर ओढते. ठेवताना बघून, सावकाश ठेवा. त्याला टायमर नसतो, तिथे कोणी बक्षीस देत नाही.

अप्पा_बालेवाडी

पुण्याहून. खेळाडू म्हणून विचारतोय, राग नसावा. मी दहा मीटर एअर पिस्तूल शूट करतो, एका हातात, उभं राहून, ७५ मिनिटांत ६० शॉट, दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर. आपल्याकडे तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आता स्वप्नील कुसाळे, सगळे कोल्हापूरकडचे, त्यांचा खेळ बघत मोठे झालो. माणसाच्या आकाराच्या टार्गेटवर, दाराआडून, "समोरचा हल्लेखोर आहे" असं समजून गोळ्या मारणं हा खेळ कसा? मला जरा अंगावर येतं.

कोपऱ्यावरचा_मास्तर

अप्पा, रास्त प्रश्न आहे, मलाही सुरुवातीला पडला होता. आमच्या स्टेजच्या गोष्टी असतात, "तुम्ही एटीएमसमोर आहात", "तुमच्या एका हातात किराण्याची पिशवी आहे", "तुम्ही गाडीत बसलाय". पहिल्या महिन्यात गोष्ट ऐकू येते, नंतर फक्त इतकंच डोक्यात असतं की डावीकडचं टार्गेट आधी दिसेल का उजवीकडचं, आणि पिस्तूल कुठे रिकामं होऊन स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे अडकेल. पुठ्ठ्याला चेहरा नसतो.

पण एक मान्य करतो, इथे काही लोक असे येतात की मॅच शूट केली म्हणजे आता आपण कमांडो. तसं नाही. पुठ्ठा परत गोळी मारत नाही, तो पळत नाही, आणि तिथे बीप आधीच सांगते की आता सुरू. खऱ्या प्रसंगातला पहिला निर्णय, पिस्तूल काढायचं का नाही, तोच इथे कोणी तुम्हाला घ्यायला लावत नाही. त्यामुळे मी याला खेळ म्हणतो, ट्रेनिंग म्हणत नाही. यातून मिळतं ते एवढंच की घाईत, दम लागलेला असताना, कोणी ओरडत असताना बोट ट्रिगरबाहेर राहतं. ते कमी नाही.

आणि तुमचं साडेअकरा मिलिमीटर आणि आमचं आठ इंच, हे वाचून मी गप्प बसतो.

अप्पा_बालेवाडी

हाहा, गप्प बसू नका. उलट लिंबूटिंबू, सुट्टीत पुण्याला आलात तर या, एअर पिस्तूल शूट करून बघा. एका हाताने ट्रिगर दाबताना साईट हलू न देणं शिकलात की तुमचं ते स्ट्राँग हँड ओन्ली का काय ते सोपं जाईल. तुमचं नऊ एमएम मात्र इथे प्रोहिबिटेड बोअर, सामान्य माणसाला लायसनवर मिळत नाही.

लिंबूटिंबू_४१

सगळ्यांचे खूप आभार!! अप्पा, डिसेंबरात येतोय, नक्की. ताई, मुलगी सात वर्षांची आहे, तिजोरी आधीच घेतलीय, पण गार पाण्याचं माहीत नव्हतं.

एक उपप्रश्न. माझा मित्र अजून एच-वन-बीवर आहे, त्याची बायको एच-फोर (त्याच्यावर अवलंबून असलेला व्हिसा). तो म्हणतो मी विकत नाही घेत, मॅचला तुझं पिस्तूल घेऊन दोन स्टेज मारतो, त्यात काय. चालतं का?

ओहायोचे_काका

थांबा थांबा. अजिबात नाही. फेडरल कायद्यात नॉनइमिग्रंट व्हिसावाल्याला पिस्तूल किंवा गोळ्या नुसत्या जवळ बाळगायलाही बंदी आहे, विकत घ्यायचं तर सोडाच. रेंजवर भाड्याने घेतलं, मित्राचं दोन मिनिटं हातात घेतलं, सगळं त्यातच मोडतं, आणि तुम्ही देणारे म्हणून तुम्हीही अडकता. अपवाद आहेत, त्यातला सगळ्यात सोपा म्हणजे राज्याचं वैध हंटिंग लायसन. ते त्याने रीतसर काढलं, चालू तारखेचं आहे, आणि एकदा इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून घेतलं, तरच. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या माणसाने हौसेपायी हा धोका घेऊ नये. त्याला न्या की मॅचला, टिकल्या लावू द्या, स्कोअर लिहू द्या, क्लबला माणसं हवीच असतात.

दुसरं त्याहून महत्त्वाचं, डिसेंबरात येतोय म्हणालात म्हणून सांगतो. रेंजची बॅग ही रेंजचीच बॅग. ती ऑफिसला नाही, जिमला नाही, आणि विमानात तर मेलो तरी नाही. आमच्या इथल्या एकाने एकदाच, एकदाच, लॅपटॉपची बॅग रेंजवर नेली होती कारण दुसरी गाडीत राहिली होती. सहा महिन्यांनी तीच घेऊन भारतात गेला. जाताना कोणाला दिसलं नाही. परत येताना तिथल्या एका विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसली, चार्जरच्या कप्प्यात, अस्तराच्या शिवणीत घुसलेली एक गोळी. एक! नऊ एमएम, म्हणजे आत्ता अप्पा म्हणाले ते प्रोहिबिटेड बोअर. रात्र पोलीस ठाण्यात, आर्म्स ॲक्टखाली गुन्हा, विमान गेलं, बायको-पोरं पुढे पाठवली. आपल्याला माहीतच नव्हतं असं असेल तर तो गुन्हा होत नाही असं कोर्टं म्हणतात, याचंही प्रकरण पुढे रद्द झालं, पण तोवर वकील, तारखा, आणि इकडे नोकरीवर सुट्टीचा अर्ज. बॅग उलटी करून झटकली होती असं तो आजही शपथेवर सांगतो.

ताराराणी

बापरे काका. मी आत्ता उठून माझ्या पर्सचे सगळे कप्पे तपासले. कुंकवाची डबी सापडली.

लिंबूटिंबू_४१

काका, मित्राला तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला, तो टिकल्या लावायला यायला तयार आहे. आणि भारतासाठी नवी कोरी बॅग घेतली.

तर मंडळी, शनिवारी पहिली मॅच झाली! वृत्तांत देतो.

सकाळी आठला पोचलो, पिस्तूल रिकामं, बॅगेत बंद. पार्किंगमध्ये बाहेर काढायचं नाही हे बरं झालं आधी वाचलं होतं, कारण एक जण गाडीच्या बोनेटवर पिस्तूल ठेवून होल्स्टर लावत होता आणि त्याला जे ऐकावं लागलं ते मी इथे लिहू शकत नाही. नवीन माणूस म्हटल्यावर मला वेगळं घेऊन पंधरा मिनिटं समजावलं, सेफ एरिया कुठला, तिथे गोळीला हातही लावायचा नाही, नळी कुठल्या खुणेच्या पलीकडे जाता कामा नये, सगळं. स्क्वॉडमध्ये माझा नंबर शेवटचा ठेवायला सांगितला म्हणजे बाकीच्यांचं बघता येतं.

"लोड अँड मेक रेडी" म्हटल्यावर मी मॅगझिन घातलं आणि स्लाइड ओढायलाच विसरलो. "आर यू रेडी", "स्टँडबाय", बीप, जॅकेट मागे, पिस्तूल बाहेर, ट्रिगर, टक. नुसतं टक. मागून एसओ शांतपणे म्हणतो "टेक युवर टाइम". स्लाइड ओढली आणि मग सुरू. सोळा गोळ्यांची स्टेज, ३८.२० सेकंद, नऊ डाउन, कव्हरच्या बाहेर पाय म्हणून एक प्रोसिजरल, एकूण ५०.२०. तीच स्टेज जिंकणाऱ्याने २२.६० मध्ये केली. पिशवीवाल्या स्टेजमध्ये एका पंजेवाल्याला पण लागली. घरी सांगितलं तर बायको म्हणे अगोबाई कोण होता तो, म्हटलं हात वर करून उभा होता बिचारा.

मास्तर, डावीकडे पळायची स्टेज आली होती. मी पळालोच नाही, उभा राहून मॅगझिन बदललं, मग चालत गेलो. तीन-चार सेकंद गेले असतील, जाऊ देत.

एकतीस जणांत एकोणतिसावा. तिसावा आला त्याचं पिस्तूल तिसऱ्या स्टेजला बिघडलं होतं आणि एकतिसावा दुपारी घरी निघून गेला, त्यामुळे फार उड्या मारत नाही. पण रात्री झोपताना डोळ्यासमोर पहिल्यांदा टार्गेट नाही, पुढची साईट दिसत होती.

एक सांगा, शेवटच्या स्टेजला उरलेल्या चार गोळ्यांसकट मॅगझिन जमिनीवर टाकलं म्हणून एसओने मला नंतर बाजूला घेतलं. बघायला आलो होतो तेव्हा बाकीचे पण टाकत होते की?

कोपऱ्यावरचा_मास्तर

अभिनंदन!! बाकीचे टाकत होते ती रिकामी मॅगझिन. स्लाइड मागे अडकली, पिस्तूल संपलं, तर टाका. गोळ्या शिल्लक असतील तर ते मॅगझिन खिशात किंवा पट्ट्यात गेलं पाहिजे, जमिनीवर नाही, तीन सेकंद. पहिल्या मॅचला त्यांनी नुसतं सांगून सोडलं असेल, पुढच्या वेळी लावतील. उजव्या मागच्या खिशात काहीही ठेवू नका, तो त्यासाठी मोकळा ठेवा. आणि पुढच्या महिन्याचं रजिस्ट्रेशन प्रॅक्टिस्कोअर या वेबसाइटवर कधी उघडतं ते क्लबला विचारून अलार्म लावा, आमच्याकडे वीस मिनिटांत जागा संपतात.

लिंबूटिंबू_४१

त्या खिशात पाकीट होतं :( अलार्म लावला.